वेज बघून मणी घ्यावा

अकिकाचा मणी कुणी माझ्यापुढे ठेवला, की मी आधी त्याचं वेज बघते. रंगाचं नंतर. रंग देता येतो, बदलता येतो. आजकाल तर निळा, गुलाबी, पोपटी, मागाल त्या रंगात बुडवलेला अकीक बाजारात मिळतो. वेजात मात्र लपवाछपवी चालत नाही. मणी उजेडाकडे धरून भोकातून पलीकडे पाहायचं. ते सरळ गेलंय का, दोन टोकांकडून पाडत आणलेली भोकं मध्यावर नीट भेटली का चुकली, तोंडाशी टवका उडालाय का, सगळं कळतं. ज्याला वेज नीट पाडता येतं त्याचं बाकीचं कामही बहुधा नीटच असतं.

ही सवय वडिलांची. ते पटवेकरी. पुण्याच्या रविवार पेठेत एका सराफाच्या दुकानाबाहेरच्या ओट्यावर त्यांची बैठक असे. सराफ आत सोनं तोलायचा, वडील बाहेर ते रेशमात गाठवून द्यायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, तोंडात दुसरा पदर धरून ते काम करत, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं हुंकारातच व्हायचं. भोकाच्या तोंडाला धार राहिलेला मणी दिसला की तो बाजूला टाकायचे. असा मणी रेशीम आतल्या आत कापत राहतो आणि सहा महिन्यांनी बाई भर लग्नात मणी वेचत बसते. शिव्या पटवेकऱ्याला, मणी पाडणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आता मी बोहरी आळीच्या तोंडाशी मणी विकते. कॉलेजच्या मुली येतात, ट्रेमधून एकेक दगड उचलतात, मध्ये नावाचं अक्षर, एक छोटं फुलपाखरू, एक चंद्र असे लटकन निवडतात आणि विचारतात, "काकू, कस्टमाइज करून मिळेल ना?" वडिलांना हा प्रश्नच कळला नसता. त्यांच्याकडे तयार असं काही नव्हतंच. मंगळसूत्र गाठवायला आलेल्या बाईला आधी घराणं विचारायचं. तुमच्यात वाट्या का डोरलं? मध्ये पोवळं लागतं का? काळे मणी एकेरी की दुपदरी? माहेरची वाटी कोणती, सासरची कोणती? बाळाच्या मनगट्या करायच्या तर काळ्या मण्यांमध्ये पांढरे किती घालायचे आणि दृष्टमणी कुठे बसवायचा यावर आजी आणि आईचं एकमत व्हायला तास लागायचा. कुणाला गळ्यात जिवती हवी असे, कुणाला पीराचा ताईत आणि कुलदेवीचा टाक एकाच दोऱ्यात हवा असे. वडील दोन्ही ओवून द्यायचे. त्यात त्यांना विसंगत काही वाटायचं नाही, आणि ओवणाऱ्यानं कुणाच्या श्रद्धेची झडती घेऊही नये.

आमच्याकडचे लाल आणि पट्ट्यापट्ट्यांचे मणी खंबायतेचे. गुजराती त्याला खंभात म्हणतात, आमच्या जुन्या वह्यांत खंबायतच लिहिलेलं आहे. मी तिथं मालासाठी जायला लागले ते वडील गेल्यानंतर. आणंदला गाडी बदलायची, पेटलादवरून जाणारी छोटी गाडी पकडायची, ती शेवटी खंबायतेला टेकते आणि पुढे जात नाही. पुढे जायला काही नाहीच. एकेकाळी जगभरची जहाजं लागणारं हे बंदर गाळानं भरलं. मही आणि साबरमती माती आणून टाकत राहिल्या, खाडीतली भरती अशी उसळती की मोठं जहाज आणणं धोक्याचं झालं, आणि व्यापार सुरतेकडे सरकला. बंदर गेलं, नवाबी राहिली, तीही १९४८ मध्ये विलीन झाली. अकिकाचं काम मात्र गेलं नाही. गावातल्या गल्ल्यांमधून आणि भोवतालच्या खेड्यांमधून ते अजून चालतं.

गंमत अशी, की खंबायतेत अकिकाची खाण नाही. दगड येतो नर्मदेच्या पलीकडून, भरूच जिल्ह्यातल्या झगडिया तालुक्यातल्या रतनपूर-लिंबोदऱ्याच्या टेकड्यांतून. जन्म त्याचा आपल्याच काळ्या कातळातला. लाव्हा थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत हळूहळू सिलिका झिरपून साचली, कातळ झिजला आणि आतल्या गारगोट्या सुटून गोट्यांच्या थरांत गाडल्या गेल्या. त्या थरांपर्यंत पोहोचायला भिल्ल मजूर विहिरीसारखे उभे खड्डे खणत, तीसेक फूट खोल, आणि तळाशी आडवं पोखरत जात. पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरायचे. दुसऱ्या वर्षी नवे खणायचे. कोपलंड नावाच्या एका इंग्रजानं भरूचजवळच्या या खाणी पाहून लिहिलेली हकीकत मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात १८१९ मध्ये छापून आली. हीच सोसायटी पुढे मुंबईची एशियाटिक सोसायटी झाली. त्यानंतर १८८० मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या सहाव्या खंडात खंबायतेच्या अकीकवाल्यांवर पानंच्या पानं आहेत. सरकारी दप्तर इतकं मन लावून लिहिलेलं क्वचितच वाचायला मिळतं. लिहिणारा साहेब कारागिराच्या शेजारी मांडी घालून बसला असणार.

खाणीतून आलेला दगड लाल नसतो. मळकट पिवळा, तपकिरी, कधी ऑलिव्हसारखा हिरवट. तो आधी उन्हात पसरतात, चार-पाच दिवसांनी उलटवतात, असं महिनोन्‌महिने. आतलं पाणी निघून गेलं नाही तर भट्टीत दगड फुटतो. उन्हाळा कडक झाला की चर खणून त्यात मातीची मडकी मांडायची, मडक्यांत दगड, तोंड खाली, बुडाला ओल निघायला भोक, आणि वरून बकऱ्यांच्या वाळक्या लेंड्या. सूर्य मावळताना पेटवायचं, उगवेपर्यंत जळू द्यायचं. सकाळी मडकी उघडली की पिवळ्याचा लाल झालेला असतो. दगडातलं लोह तापून गंजाच्या रंगाचं होतं, एवढंच शास्त्र. पण कुठल्या दगडाला किती आच लागेल आणि कोणता पुन्हा एकदा भाजावा लागेल हे शास्त्र सांगत नाही. भाजल्यानं आणखी एक होतं. दगड ठिसूळ नाही, पण हुकमी होतो. मारलेल्या घावाला पाहिजे तसा टवका देतो.

हा घाव मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कारागीर उलटं काम करतोय असंच वाटलं. आपल्याकडे पाथरवट दगड खाली ठेवतो आणि वरून छिन्नी मारतो. इथे लोखंडी सळई जमिनीत तिरपी रोवलेली, तिचं टोक वर. दगड त्या टोकाला टेकवायचा आणि बांबूच्या बारीक लवचिक काठीला बसवलेल्या म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं दगडावरच हलका ठोका द्यायचा. ठोका वरून, टवका उडतो खालून, टोकाशी. हात किती हलका! शिंगाऐवजी लोखंड वापरलं असतं तर दगडाचे दोन तुकडे झाले असते. अशा शेकडो ठोक्यांनी ओबडधोबड गोटीचा मणी आकाराला येतो. बडोद्याचे कुलदीप भान, अमेरिकेचे जोनाथन मार्क केनोयर आणि इटलीचे मासिमो विदाले हे पुरातत्त्वज्ञ खंबायतेत या कारागिरांपाशी येऊन बसले, काम मोजलं, उडालेले टवकेसुद्धा वर्गवारी करून गोळा केले. कारण हेच टवके त्यांना साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गावांत सापडले होते.

आणि इथे पुन्हा वेज येतं. सिंधमधल्या चान्हुदडो इथे अर्नेस्ट मॅके यानं १९३५-३६ मध्ये मण्यांचा कारखाना खणून काढला. भाजलेले, घडवलेले, अर्धवट पाडलेले, फुटलेले, सगळ्या टप्प्यांवरचे मणी त्यात होते. आणि होते दगडी गिरमिटाचे बारीक दांडे. अकीक इतका कठीण की साधी गारगोटी त्याला भोक पाडता पाडता स्वतःच झिजते. हडप्पाच्या माणसांनी एक विशेष दगड शोधून, तापवून, त्याचे दांडे केले होते. केनोयर-विदाले यांनी मॅकेच्याच नावावरून त्याला अर्नेस्टाइट म्हटलं. धोलावीऱ्यालाही हे दांडे पुष्कळ मिळाले. तसा दांडा वापरून त्यांनी प्रत्यक्ष भोक पाडून पाहिलं तर तासाला सुमारे अडीच मिलिमीटर. म्हणजे बारा सेंटिमीटरच्या लांबट मण्याला नुसत्या वेजासाठी ४८ तास अखंड हात चालवायचा. अखंड म्हणजे हात न थांबवता, पाणी सोडत, दांडा बदलत. दोन्ही टोकांकडून निम्मं निम्मं पाडत यायचं आणि मध्यावर नेम साधायचा. कराचीजवळच्या अल्लाहदिनो इथे एका मडक्यात ठेवलेला कमरपट्टा मिळाला, त्यात असे लांब लाल मणी ३६ आहेत. मी हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला.

हे मणी समुद्रापार गेले. इराकमधल्या उरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत लेनर्ड वूली यानं १९२०-३० च्या दशकांत जे दागिने काढले, त्यांत सिंधू खोऱ्यातले लाल अकीक आहेत. काहींवर पांढऱ्या रेघांची नक्षी. ती रंगवलेली नाही, दगडातच उमटवलेली आहे. खाराच्या पाण्यात एका झुडपाचा रस मिसळून दगडावर चित्र काढायचं, वाळवायचं आणि निखाऱ्यात घालायचं. मॅके यानं सेहवानमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून ही कृती जाणून घेऊन १९३३ मध्ये लिहून ठेवली. आमच्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९४९ मध्ये या नक्षीच्या मण्यांवर एक आख्खं पुस्तक काढलं, मो. ग. दीक्षितांचं. एवढ्याशा मण्यावर पुस्तक लिहिणारा माणूस मला सगळ्या इतिहासकारांत जवळचा वाटतो, त्यांचं कारण वेगळं असेल, माझं धंद्याचं आहे.

हा सगळा मान गुजरात-सिंधलाच जातो असं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची टिपणं लिहिली. पेरिप्लस म्हणतात ती. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं त्यात दिलेलं आहे. तेरहून कापड येई. आणि पैठणहून काय? पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, तोही पुष्कळ, बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. पैठण म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते, नाथ आठवतात. गोदावरीच्या वाळूगोट्यांत अकीक मिळतो हे पैठणची पोरं नदीवर पोहायला गेली की जाणतात, पण रोमच्या अंगठ्यांत आपला दगड बसला असेल हे त्यांना कुणी शाळेत सांगत नाही. नेवाशापासून पैठणापर्यंत ज्यानं काठ चालला असेल, त्याच्या खिशात एखादी लाल गारगोटी असतेच.

आणि नागपूर! शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर माहूरझरी नावाचं लहानसं गाव आहे. तिथे महापाषाणकालीन दगडी वर्तुळं आहेत आणि त्याच परिसरात मणी करणाऱ्यांची वस्ती होती. शां. भा. देवांनी १९७० च्या आसपास तिथली वर्तुळं खणली. २००१ पासून डेक्कन कॉलेजच्या रवींद्र मोहंती यांनी मण्यांच्या कामाचा माग काढला. कच्चा दगड, टवके, अर्धवट मणी, तयार मणी, सगळी साखळी. नक्षीचे लाल मणीही. विदर्भाला दगडातलं बारीक काम परकं नव्हतं. मग ते थांबलं का? गावं उठली, मागणी सरकली, समुद्र लांब. खंबायतेला समुद्र होता.

समुद्राच्या पलीकडून माणसंही आली. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोराचा दर्गा आहे. तो हबशी, म्हणजे अ‍ॅबिसिनियाकडचा, असं सांगतात. कुणी त्याला सेनापती म्हणतं, कुणी अकिकाचा व्यापारी. त्यानं मखनदेवी नावाच्या राक्षसिणीला हरवलं अशी दंतकथा आहे. त्याचे सिद्दी वंशज आणि भक्त तिथे दर्ग्याची सेवा करतात, उरुसात ढोलांवर धमाल नाचतात. खंबायतेचे अकीकवाले त्याला आपल्या धंद्याचा पीर मानत आले आणि अकिकाच्या एका जातीला बाबाघोरी असंच नाव पडलं आहे. खाण खणणारे भिल्ल, पीर हबशी, घडवणारे खंबायती, आणि विकत घेणारे कुठले कुठले.

दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज १५१६ च्या सुमारास लिहितो, की लिमदुरा नावाच्या गावी हा दगड निघतो, तो भाजून लाल करतात आणि खंबायतेचे कारागीर त्याचे मणी, अंगठ्या, कट्यारींच्या मुठी करतात. माल तांबड्या समुद्राकडे आणि मक्केकडे जातो. लिमदुरा म्हणजे आपलं लिंबोदरा. मुसलमानांत अकिकाच्या अंगठीला मान आहे, पैगंबरांच्या अंगठीत अकीक होता अशी परंपरा आहे. यमनचा अकीक सर्वांत वरचा मानतात, आणि खंबायतेचा त्या खालोखाल, स्वस्त आणि मुबलक. हाजी मक्केहून परत जाताना जी जपमाळ, जी अंगठी बरोबर न्यायचा, ती पुष्कळदा इथली असे. तो ती यमनची म्हणून नेत असला तरी खंबायतेला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पण मला सर्वांत आवडतो तो तलहाकिमत. सहारातल्या तुआरेग बायका गळ्यात किंवा केसांत एक लाल दगडी लटकन घालतात. वर कडं, खाली चपटा त्रिकोण, ढालीसारखा. तावीजच तो. मूळचा हा घाट खंबायतेच्या अकिकात घडवला जायचा, मक्केच्या वाटेनं, उंटांवरून, वाळवंट ओलांडून जायचा. तुआरेग बाईनं खंबायत पाहिली नव्हती, आणि खंबायतेच्या कारागिरानं वाळवंट. कुणीतरी मधल्या व्यापाऱ्यानं नमुना दाखवून सांगितलं असणार, अस्सं पाहिजे. कारागिरानं केलं. पाटाच्या मंगळसूत्राला कोणत्या वाट्या आणि पहिल्या लग्नाच्या मंगळसूत्राला कोणत्या, हे विचारून गाठवणाऱ्या माझ्या वडिलांचं आणि त्या कारागिराचं काम मुळात एकच.

मग जर्मन आले. ऱ्हाइनच्या पश्चिमेला नाहे नदीच्या खोऱ्यात इडार आणि ओबरस्टाइन ही गावं. तिथेही अकीक निघे, तिथेही घासकाम जुनं. पाणचक्कीवर फिरणारी माणूसभर उंच वाळूच्या दगडाची चाकं, आणि त्यांच्यापुढे लाकडी घोडीवर पोटावर पालथे पडून, पाय मागे रेटून दगड दाबणारे कामगार. स्थानिक दगड संपत आला तसे तिथले लोक पोट भरायला दक्षिण ब्राझीलला गेले. तिथे त्यांना नद्यांच्या पात्रांत अकीक मिळाला, आणि १८३४ पासून तो जहाजांनी गावाकडे यायला लागला. दगड भरपूर, रसायनांनी रंगवायची कला हाती आणि पाण्याची ताकद. त्यांनी खंबायतेचे मणी समोर ठेवून हुबेहूब मणी केले, तलहाकिमतही केले, आणि आफ्रिकेला पाठवले. पुढे बोहेमियाच्या काच कारखान्यांनी तोच घाट काचेत ओतला. आज जगातल्या संग्रहालयांत आणि जुन्या मण्यांच्या बाजारात आफ्रिकेचे म्हणून जे अकीक दाखवतात, त्यांतला कुठला खंबायतेचा आणि कुठला इडारचा हे सांगायला पुन्हा भोकातच बघावं लागतं, आणि घासल्याच्या खुणांत. खंबायती मण्याचा कोन हातानं धरलेला असतो, इडारचा नेमका.

खंबायतेचा पुण्याशी दुवा नुसता मण्यांचा नाही, हेही सांगून टाकते. नवाबाकडून पेशव्यांना चौथाई मिळे. १८०२ च्या वसईच्या तहात तो हक्क इंग्रजांकडे गेला. त्याआधी १७७५ च्या फेब्रुवारीत महीकाठी हरलेले राघोबादादा पळाले ते खंबायतेला. तिथला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यानं त्यांना निसटायला मदत केली, ते भावनगरकडून समुद्रमार्गे सुरतेला गेले. हाच मॅलेट पुढे पुण्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून येऊन बसला. दादासाहेबांनी त्या गडबडीत आनंदीबाईंसाठी माळ घेतली असेल का, असं मला उगीच वाटतं. घेतली नसेल. जीव वाचवणाऱ्याला माळा कुठल्या सुचतात!

वेजाचं हत्यार मधल्या काळात पार बदललं. गॅझेटिअरच्या वेळी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं सामत्यानं भोक पाडत. मणी लाकडी चिमट्यात धरायचा, कमानीच्या दोरीनं पोलादी दांडा गरगर फिरवायचा, वरून थेंब थेंब पाणी. दांड्याच्या टोकाशी दोन बारीक हिरकण्या बसवलेल्या. हडप्पाच्या माणसाला ज्याला दिवस लागत, ते हिरकणीनं मिनिटांत होऊ लागलं. आता विजेची मोटर आहे, ध्वनिलहरींनी वेज पाडणारी यंत्रंही आहेत. मुलींना हव्या असलेल्या जाड कड्यांच्या ब्रेसलेटमध्ये चार-साडेचार मिलिमीटरचं भोक लागतं, आत धातूची नळी बसते. वडिलांच्या काळात एवढ्या भोकाचा मणी म्हणजे वाया गेलेला मणी.

पॉलिशचंही तसंच. पूर्वी मणी चामड्याच्या पिशवीत भरायचे, त्यात कुरुंदाची पूड आणि पाणी, तोंड बांधायचं आणि खोलीच्या दोन टोकांना दोन माणसं बसून ती पिशवी दोरीनं एकमेकांकडे ओढत राहायची, दहा-पंधरा दिवस. गप्पा मारत, गाणी म्हणत. आता तेच विजेवर फिरणाऱ्या पिंपात होतं. इथवर सगळं सोयीचं झालं. बिघडलं ते घासण्यात. हातानं दगडावर पाणी टाकून घासत तेव्हा धूळ चिखल होऊन खाली बसे. विजेचं कुरुंदाचं चाक घरात आलं, माणूस त्याच्यापुढे बसून कोरडा मणी धरू लागला, आणि धूळ नाकाशी उडू लागली. अकीक म्हणजे सिलिका. ती बारीक पूड फुप्फुसात बसली की निघत नाही, आत जखमा करत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर औषध नाही. क्षयासारखी लक्षणं, पुष्कळदा क्षयाचीच औषधं देत राहतात आणि क्षय मागून खरोखर लागतोही. काम कारखान्यात नाही, घरात आहे, त्यामुळे चाक फिरवत नाही ती म्हातारी आणि पाळण्यातलं पोरही तीच हवा ओढतात. खंबायतेच्या आसपासच्या खेड्यांत तिशी-चाळिशीतच धाप लागलेले घासणारे मी पाहिले आहेत. इडारच्या घासणाऱ्यांनाही छातीचे रोग होते. म्हणजे हे नवं नव्हतं, माहीत होतं. तरी मणी स्वस्तच लागतो.

ज्यांच्याकडून मी माल घेते त्या चाचांकडे मागण्यांची एक जाड वही आहे. मी ती चाळते, ते चहा सांगतात आणि, "बेन, तुमचं काय ते सांगा" म्हणतात. आखातासाठी ३३ आणि ९९ मण्यांच्या तसबीह. मुंबईसाठी सात चक्रांचे सात रंगांचे संच. युरोप-अमेरिकेसाठी लोलक, पिरॅमिड, अंगावर फिरवायच्या गुळगुळीत कांड्या. तिकडे दगडानं आजार बरा होतो असं मानणारे पुष्कळ आहेत. एका पानावर फक्त हृदयाच्या आकाराचे दगड. मी चाचांना विचारलं, तुम्ही स्वतः कुठला घालता? त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटात काही नव्हतं. घासताना अंगठी अडकते, म्हणाले.

गेल्या काही वर्षांत मी त्यांच्याकडे एकच अट धरून बसले आहे. चाकावर पाण्याची नळी हवी, नाहीतर माल नको. काही ठिकाणी ती बसली आहे, काही ठिकाणी मी आल्यावरच चालू होते असा मला संशय आहे. पाण्यानं घासलं की हात सावकाश चालतो आणि मणी महाग पडतो. मुली दहा रुपयांसाठी घासाघीस करतात, मीही त्यांच्या वयात केली असती. यंदा चाचांनी साफ सांगितलं, ओल्या घाशीचा लाल माल दिवाळीआधी होणार नाही. तेव्हा सध्या माझ्याकडे सुलेमानी आहे, पांढरा आहे, बाबाघोरीचे चार सर आहेत. लाल डिसेंबरात येईल.